वाचकांचे प्रश्न : बराकीतून आलेली नाचाची गाणी

मागच्या अंकात पूर्व आफ्रिकेतल्या गिटारच्या संगीतावर लिहिताना मी केनियाच्या 'मरून कमांडोज' या बँडबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की हा नाचाच्या गाण्यांचा बँड आहे, त्यातले सगळे वादक केनियाच्या सैन्यात नोकरीला आहेत आणि बँड १९७० पासून चालू आहे. एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण त्यांनाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा प्रश्न थोडा छोटा केला असेल तर समजून घ्या.

प्रश्न : आर्मीचा बँड म्हटलं की डोळ्यासमोर परेड येते, कडक युनिफॉर्म, ड्रम, बिगुल, सलामीची धून. 'नाचाचा बँड' हा काय प्रकार आहे? आणि हे लोक खरे सैनिक होते की सैन्याने पगारावर ठेवलेले गायक?

खरे सैनिक. बटालियनच्या पटावर नाव असलेले, रँक असलेले. मरून कमांडोज हा ७ केनिया रायफल्स म्हणजे केनियाच्या पायदळाच्या सातव्या बटालियनचा बँड. तुम्ही म्हणताय तो परेडचा बँड वेगळा असतो आणि तो केनियातही आहेच, राष्ट्रीय दिनाला मैदानात वाजवणारा. पण त्याच्या जोडीला दुसरी एक परंपरा तिकडे आहे. तीनचार इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम, कोंगा, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि दोनतीन गायक, आणि समोर लोक जोडीने नाचतायत. हे लोक मेसमध्ये वाजवतात, सैन्याच्या कार्यक्रमात वाजवतात आणि बाहेर तिकीट काढून आलेल्या साध्या लोकांसमोरही वाजवतात, रेकॉर्ड काढतात, रेडिओवर लागतात. म्हणजे बाजारात इतर बँडशी थेट स्पर्धा. फक्त स्टेजवरून उतरलं की सकाळी हजेरी असते.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की आपण याला अपवाद समजतो, एक गंमतीशीर गोष्ट, की बघा सैनिक असून कसे छान गातात. पण पूर्व आफ्रिकेत नाचाचं आधुनिक संगीत आणि सैन्य यांचं नातं शंभर वर्षांहून जुनं आहे. सैनिक, हमाल, माजी सैनिक यांच्याशिवाय हे संगीत आज आहे तसं झालंच नसतं. पुढच्या उत्तरात तेच सांगते.

प्रश्न : म्हणजे इंग्रजांनी बँड शिकवला आणि यांनी त्याची नक्कल केली, असंच ना?

असं बरेच जण म्हणतात, आणि मला ते पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोष्ट सुरू होते किनाऱ्यावर, लामू, मोंबासा, टांगा, दार एस सलाम या स्वाहिली शहरांमध्ये, १८९० च्या दशकात. तिथे एक नाच सुरू झाला, त्याचं नाव 'बेनी'. हा शब्द इंग्रजी 'बँड'वरूनच आला. लोकांनी लष्करी बँड बघितले, ब्रास ऐकलं, रांगेत चालणं बघितलं, आणि त्यातून नाचाच्या मंडळ्या काढल्या. मंडळीत हुद्दे, मंडळीचे गणवेश, मंडळीचा स्वतःचा राजा. आता हे वरवर नक्कल वाटेल, पण किनाऱ्यावर दोन गटांनी नाचगाण्यात, कवितेत, जेवणावळीत एकमेकांवर चढाओढ करायची ही रीत त्याच्या फार आधीपासूनची, बेनीने फक्त त्या चढाओढीला नवीन कपडे घातले. मोंबासात 'किंगी' आणि 'स्कॉची' असे दोन पक्ष होते, दार एस सलाम आणि टांगाकडे 'मरिनी' आणि 'अरिनोती'. मरिनीवाले स्वतःला शिकलेले, वरच्या थरातले समजायचे, अरिनोतीत गरीब, आतल्या भागातून शहरात आलेली माणसं जास्त. गावातल्या दोन आळ्यांची गणपतीत कशी खुन्नस असते तसंच समजा, आणि त्या खुन्नसमधून दरवर्षी नवीन गाणी तयार व्हायची.

मग पहिलं महायुद्ध आलं. पूर्व आफ्रिकेत इंग्रज आणि जर्मन लढत होते, पण दोन्हीकडून लढणारे बहुतेक आफ्रिकन शिपाई, त्यांना 'अस्करी' म्हणतात. इंग्रजांकडे 'किंग्ज आफ्रिकन रायफल्स' ही फौज होती, १९०२ मध्ये उभी केलेली. आणि शिपायांहून कितीतरी जास्त होते हमाल. रस्ते नाहीत, जनावरं माशीच्या रोगाने मरतात, मग तोफगोळे, धान्य सगळं माणसांच्या डोक्यावर. लाखो माणसं नेली आणि त्यातली हजारो उपासमारीने, आजाराने परत आलीच नाहीत. त्या हमालांच्या दलाला इंग्रजीत 'कॅरिअर कोअर' म्हणत. लोकांच्या तोंडी ते झालं 'करियाकोर', 'करियाकू'. आज नैरोबीत करिओकोर नावाचं मार्केट आहे आणि दार एस सलाममध्ये करियाकू हा गजबजलेला बाजारपेठेचा भाग आहे, दोन्ही नावं त्या हमालांचीच. रोज हजारो माणसं तिथे भाजी, कपडे घेतात. मला ते नाव वाचलं की थांबायला होतं.

तर या छावण्यांमध्ये वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र आली, स्वाहिली ही सगळ्यांची भाषा झाली, आणि संध्याकाळी बेनी नाचायचे. इंग्रजांच्या बाजूचे अस्करी नाचायचे आणि जर्मनांच्या बाजूचे पण, दोन्हीकडे! युद्ध संपल्यावर माणसं आपापल्या गावी गेली आणि बेनी त्यांच्याबरोबर आत, खूप आत, पार आजच्या मलावीपर्यंत गेली. तिथे त्याच नाचाला 'मगांडा' आणि 'मलिपेंगा' म्हणतात. खेड्यात ट्रम्पेट कुठून आणणार, मग सुकवलेल्या भोपळ्याची नळी घ्यायची, बाजूला एक भोक पाडायचं, त्यावर कोळ्याच्या जाळ्याचा पातळ पापुद्रा चिकटवायचा आणि त्यात तोंड घालून गायचं. पापुद्रा थरथरतो आणि आवाज ब्रासच्या भोंग्यासारखा फाटतो, गुणगुणतो. पंधरावीस माणसं रांगेत, पांढरे कपडे, हातात छडी आणि हे भोपळ्याचे भोंगे. ज्या माणसाने युद्धात दुसऱ्याचं ओझं वाहिलं तो घरी येऊन स्वतःच्या गावच्या तुकडीत कॅप्टन होतो, हुद्दा गावाने दिलेला. आता याला नक्कल म्हणायचं का? मी तरी नाही म्हणणार.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा झालं, फक्त वाद्यं बदलली. पूर्व आफ्रिकेचे सैनिक या वेळी ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला गेले, ११ व्या पूर्व आफ्रिकन डिव्हिजनने १९४४ च्या भर पावसात काबाव खोऱ्यातून चिंदविन नदीपर्यंत मजल मारली, चिखल आणि मलेरिया यांनी भरलेला रस्ता. त्यांच्यासाठी सैन्याने करमणुकीची तुकडी काढली होती, गाणारे-वाजवणारे सैनिक. त्यातच होते फुंडी कोंडे, केनियाच्या किनाऱ्यावरचे गिटारवादक आणि गायक, जे नंतर १९५० च्या दशकात केनियातले फार मोठे नाव झाले. युद्धावरून परतलेल्या माणसांकडे थोडे पैसे होते, कानात नवीन सूर होते, रुंबा, फॉक्सट्रॉट, आणि हातात गिटार. नैरोबी, मोंबासामधले नाचाचे पहिले गिटार बँड या पिढीने उभे केले. म्हणजे १९७० मध्ये सातव्या बटालियनच्या पोरांनी गिटार हातात घेतले तेव्हा ते काही नवीन करत नव्हते, आजोबांच्या वाटेवर होते.

प्रश्न : मरून कमांडोजचं सगळ्यात गाजलेलं गाणं कुठलं? मी एका प्लेलिस्टमध्ये 'चारोन्यी नि वासी' ऐकलं, भाषा स्वाहिली वाटली नाही. अर्थ सांगाल का?

बरोबर ओळखलंत, स्वाहिली नाही ती. ती ताइता भाषा. केनियात नैरोबीहून मोंबासाला जाताना वाटेत व्होई लागतं, त्याच्या बाजूला एकदम मैदानातून वर आलेल्या हिरव्या डोंगररांगा आहेत, ताइता हिल्स. तिथल्या लोकांची ही भाषा. बँडचे नेते हाबेल किफोटो हे ताइताच.

१९७० मध्ये बँड जमला तेव्हा ते मुख्यतः काँगोची गाजलेली गाणी वाजवायचे. त्यात कमीपणा नाही, त्या काळात सगळेच तेच करायचे, काँगोची रुंबा म्हणजे नाचाचं व्याकरण होतं, ते शिकल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. पण हळूहळू स्वतःची गाणी यायला लागली आणि १९७७ मध्ये 'चारोन्यी नि वासी' आलं आणि केनियाभर तुफान चाललं.

नावाचा अर्थ साधारण असा की परमुलखात राहणं वाईट. घर सोडून लांब राहण्याचे हाल. बस. आता विचार करा, हे गाणं लिहिणारा माणूस सैनिक आहे, ज्याला पोस्टिंग मिळेल तिकडे जायचंय. आणि ऐकणारे कोण, तर शेत गावाकडे, बायकामुलं गावाकडे आणि स्वतः नैरोबीत किंवा मोंबासात एका खोलीत चारजणं राहून नोकरी करणारी लाखो माणसं. त्यातल्या बहुतेकांना ताइता भाषा येत नव्हती, तो समाज केनियाच्या मानाने छोटा आहे. तरी गाणं देशभर गेलं. काहींनी अर्थ विचारून घेतला असेल, काहींना नुसता सूरच पुरला असेल, पण मला वाटतं की आपल्या गावच्या भाषेत गायलं म्हणूनच ते पोचलं. किफोटोंनी हेच स्वाहिलीत गायलं असतं तर सगळ्यांना शब्द कळले असते आणि घराची आठवण इतकी खरी वाटली नसती. माणूस घराबद्दल घरच्या भाषेतच बोलतो ना.

त्या काळची ४५ ची, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी रेकॉर्ड तुम्ही कधी हातात घेतली असेल तर एक गोष्ट आठवेल. गाणी लांब असायची, सातआठ मिनिटांची, आणि एका बाजूला मावायची नाहीत. मग गाण्याचे दोन भाग. पहिल्या बाजूला कडवी, संथ, शब्द नीट ऐकू येणारे, आणि मग नेमकं गिटार सुटायला लागतात तिथे आवाज हळूहळू विरतो आणि सुई आतल्या खोबणीत खरखरते. उठायचं, रेकॉर्ड उलटायची, सुई ठेवायची, आणि दुसऱ्या बाजूला थेट मधूनच गाणं उसळतं, आता गोष्ट सांगून झालेली असते आणि फक्त नाच उरतो. माझ्याकडे तिकडच्या बँडच्या अशा काही जुन्या रेकॉर्ड आहेत, त्यातली एक इतकी वाजलेली की लेबलवरचं नाव बोटांनी पुसून गेलंय, पण पहिल्या बाजूपेक्षा दुसरी बाजू जास्त झिजलीय. कुणीतरी वर्षानुवर्षं ती बाजू लावून नाचलंय. हातात घेतली की मला आजही त्या अनोळखी घराबद्दल माया वाटते.

प्रश्न : नोकरी सरकारची, रेडिओ सरकारचा, मग गाणीपण सरकारी प्रचाराची असणार. याला लोकांचं संगीत का म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. हो, तशी गाणी आहेत. त्यांचं 'अमका कुमेकुचा' घ्या, म्हणजे 'उठा, उजाडलं'. कुदळ-कोयता घ्या, शेतावर चला, आळस हा देश उभारणीचा मोठा शत्रू आहे, असं गाणं. देशाला १२ डिसेंबर १९६३ ला स्वातंत्र्य मिळालं, त्यानंतरची वीसेक वर्षं कष्ट करा, एकत्र या हेच सगळीकडून सांगितलं जात होतं, आणि गणवेशातल्या माणसाने ते गावं यात नवल नाही. आणि खरं सांगू का, ते गाणं ऐकून उठलेली, शाळेत गेलेली, शेतावर गेलेली माणसं आज साठीत आहेत आणि त्यांना ते आदेश म्हणून नाही, पहाट म्हणून आठवतं. रेडिओ, चुलीचा धूर आणि हे गाणं. सरकारच्या हेतूपेक्षा हे मोठं आहे असं मला वाटतं.

पण तेवढंच नाहीये. प्रेमाची गाणी आहेत आणि तिथे सैनिक-बिनिक काही राहत नाही. 'उसिन्यांबिये उनाएंदा' हे त्यांचं आणखी एक लाडकं गाणं. याचं मराठी करायला बसले आणि अडले, कारण स्वाहिली क्रियापदाला लिंगच नसतं. 'जातेस असं मला सांगू नकोस' की 'जातोस असं मला सांगू नकोस'? स्वाहिलीत एकच शब्द दोघांना लागतो, म्हणजे ते गाणं नवराही बायकोला म्हणू शकतो आणि बायकोही नवऱ्याला. आता हे गाणारा स्वतः सैनिक, सुट्टी संपली की ज्याला बॅग उचलून निघायचंय. त्यालाच घरचं कुणीतरी हे म्हणत असेल. हे माझं ऐकणं आहे, पण एकदा असं ऐकलं की ते तसंच ऐकू येत राहतं. 'चारोन्यी नि वासी' लांब गेलेल्या माणसाचं आणि हे मागे राहिलेल्या माणसाचं, एकाच दाराच्या दोन बाजू.

शिवाय बँडमध्ये सगळे ताइता नव्हते. सैन्यात देशाच्या सगळ्या भागातली माणसं येतात. लाबान ओचुका हे लुओ समाजाचे गायक-गीतकार त्यांच्यात होते आणि त्यांची गाणी बेंगा पद्धतीची. बेंगा म्हणजे व्हिक्टोरिया सरोवराकडच्या लुओ लोकांचं गिटारचं संगीत, जलद, टोकदार, सुटे सुटे स्वर, ज्यात गिटार त्यांच्या 'न्यातिती' या आठ तारांच्या वाद्यासारखं वाजवतात. तर एकाच बँडकडून एक गाणं ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाली मुलायम स्वाहिली रुंबा, पुढचं खणखणीत बेंगा. बाहेरचे बँड बहुतेक करून एकेका समाजाचे किंवा एकेका पद्धतीचे असायचे. इथे बटालियनने ज्यांना एकत्र आणलं ते आपापली भाषा घेऊन एकाच स्टेजवर उभे राहिले. हे कुठल्याही घोषणेतून झालं नसतं.

प्रश्न : पन्नास वर्षांच्या वर बँड टिकतो कसा? आमच्या कॉलेजचा ग्रुप तर दोन वर्षांत फुटला.

भांडणाला कारण लागतं आणि बँडमध्ये ते कारण बहुतेक वेळा पैसा असतो! नैरोबीत १९७० च्या दशकात काय चाललं होतं बघा. पूर्व आफ्रिकेचा रेकॉर्डचा धंदा तिथे एकवटला होता, टांझानियाहून, झाईरहून (म्हणजे आजच्या काँगोहून) बँड येत होते. टांगाचे भाऊ येऊन १९७१ मध्ये 'सिंबा वन्यिका' सुरू करतात, १९७८ मध्ये त्यातले काही बाहेर पडून 'ले वन्यिका' काढतात, मग अजून फुटतात, 'वन्यिका' नावाचे इतके बँड झाले की ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हावा. गायक कालपर्यंत इकडे, आज तिकडे, कारण क्लबचा मालक पन्नास शिलिंग जास्त देतोय. परदेशी वादकांच्या डोक्यावर वर्क परमिटची टांगती तलवार वेगळीच. वाद्यंपण बऱ्याचदा मालकाची, म्हणजे मालकाशी वाजलं की गिटारपण गेलं.

मरून कमांडोजचं यातलं काहीच नव्हतं. पगार महिन्याला ठरलेला, वाद्यं बटालियनची, रेकॉर्ड चालली नाही तरी घरी चूल पेटणार. आणि स्टार गायकाला उद्या दुसऱ्या बँडमध्ये जातो म्हणायची सोय नाही, कारण तो सैन्यात आहे. हे ऐकायला कठोर वाटेल, पण त्याचा संगीताला फायदा झाला. एकमेकांचा श्वास ओळखणारे वादक वर्षानुवर्षं एकत्र बसले तर तीन गिटार एकमेकांच्या पायात येत नाहीत. लीड, रिदम आणि मधलं सेकंड, प्रत्येक जण छोटासा तुकडा पुन्हापुन्हा वाजवतो आणि तिन्ही मिळून एक चटई विणली जाते. ही गोष्ट भाड्याने आणलेल्या वादकांना एका रात्रीत जमत नाही.

मग १ ऑगस्ट १९८२ आला. केनियाच्या हवाई दलातल्या लोकांनी बंड केलं, नैरोबीत गोळीबार, लुटालूट, आणि सैन्याने ते मोडून काढलं. त्यानंतर रात्रीची संचारबंदी लागली. ज्या बँडचं पोट रात्री दहा ते पहाटेच्या नाचावर होतं त्यांनी काय करायचं? पाठोपाठ कॅसेटची चोरटी नक्कल वाढली आणि रेकॉर्डचा धंदा बसला. बरेच चांगले बँड त्या दशकात विझले, फार वाईट वाटतं त्यांच्याबद्दल. मरून कमांडोज राहिले, आणि पुढे कीबोर्ड वगैरे घेऊन नवीन प्रयोगही करत राहिले.

पण फक्त पगाराने बँड टिकत नाही हेही खरं, पगार तर परेडच्या बँडलाही असतो आणि त्यांची गाणी कुणी गुणगुणत नाही. इथे किफोटोंसारखा माणूस होता, गाणी लिहिणारा, गाणारा आणि दुसऱ्याच्या गाण्याला जागा देणारा. २०११ मध्ये ते वारले. बँड त्यांच्यानंतरही चालू राहिला, नवीन भरतीची पोरं येऊन, आणि ही दुसरी गोष्ट सैन्याकडूनच आलीय असं मला वाटतं, की तुकडी माणसापेक्षा मोठी, जुना जातो, नवा त्याच्या जागी उभा राहतो आणि आधी जुनं शिकतो.

प्रश्न : हे फक्त केनियातच आहे का? टांझानियाबद्दल काही सांगाल?

अहो टांझानियात तर जास्तच! तिथे संस्थांचे बँड हाच नियम होता. जानेवारी १९६४ मध्ये टांगानिकाच्या (म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीच्या) शिपायांनी पगार आणि इंग्रज अधिकारी या मुद्द्यांवर बंड केलं, तीनचार दिवसांत युगांडात जिंजाला आणि केनियात लानेटच्या बराकीतही तेच लोण पोचलं, आणि तिन्ही ठिकाणी नुकत्याच स्वतंत्र झालेल्या सरकारांना ते शमवायला इंग्रजांचीच मदत मागावी लागली. टांगानिकाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना ते फार लागलं. त्यांनी जुनं सैन्यच बरखास्त केलं आणि सप्टेंबर १९६४ मध्ये नवीन उभं केलं, लोकांशी जोडलेलं. माझं मत असं की सैनिकाने जनतेत मिसळावं हा जो आग्रह तिथे आला त्यात या बँडांनाही जागा मिळाली.

सैन्याचा 'म्वेंगे जाझ', पोलिसांचा 'पोलिसी जाझ', तुरुंग खात्याचा 'मागेरेझा जाझ', आणि जेकेटीचा म्हणजे १९६३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र उभारणी सेवेचा 'किमुलिमुली'. कामगार संघटनेचा 'नुटा जाझ' १९६४ चा, तोच नावं बदलत बदलत आज 'म्सोंडो न्गोमा' म्हणून ओळखला जातो. प्रत्येक बँडची स्वतःची शैली, तिला 'म्टिंडो' म्हणतात, आणि त्या शैलीला नाव द्यायचं. पोलिसांची 'वांगावांगा', म्वेंगेची 'पासेलेपा', जेकेटीची 'किमुलिमुली', ज्याचा अर्थ काजवा. लोक बँडच्या नावापेक्षा शैलीच्या नावाने बोलायचे आणि पक्ष घ्यायचे, अगदी फुटबॉलच्या टीमसारखे. मला यात सरळ ते बेनीचे मरिनी आणि अरिनोती दिसतात, साठसत्तर वर्षांनी, इलेक्ट्रिक गिटार घेऊन.

एक फरक मात्र आहे. टांझानियात रेकॉर्ड छापायचा कारखाना नव्हता, गाणी रेडिओ टांझानिया दार एस सलामच्या स्टुडिओत टेपवर रेकॉर्ड व्हायची आणि रेडिओवर वाजायची, कित्येक गाणी रेकॉर्ड म्हणून कधी आलीच नाहीत. केनियात बाजार होता म्हणून मरून कमांडोजच्या रेकॉर्ड घरोघर पोचल्या. टांझानियाच्या त्या टेप नीट जपल्या जाव्यात ही मला मनापासून काळजी आहे, कारण एका देशाच्या दोन पिढ्यांचा आवाज त्यात आहे.

प्रश्न : या सगळ्यांच्या नावात 'जाझ' का? यात जाझ तर ऐकू येत नाही.

कारण तिकडे 'जाझ' म्हणजे अमेरिकन जाझ नव्हे, आधुनिक वाद्यं घेऊन नाचाला वाजवणारा कुठलाही बँड. काँगोतही तसंच. गिटार, ड्रम, भोंगे असले की जाझ. त्यामुळे नावाने फसू नका आणि निराशही होऊ नका.

प्रश्न : ऐकायला सुरुवात कुठून करू? स्वाहिलीचा गंध नाही.

नसू दे. केनियात या जुन्या गाण्यांना 'झिलिझोपेंडवा' म्हणतात, शब्दशः 'ज्यांच्यावर प्रेम केलं गेलं ती', या नावाने शोधा म्हणजे बँडची नावं आपोआप सापडत जातील. मरून कमांडोजचं आधी 'चारोन्यी नि वासी' ऐका, मग 'उसिन्यांबिये उनाएंदा', आणि 'अमका कुमेकुचा' मात्र सकाळीच. त्यानंतर लाबान ओचुकांचं एखादं लुओ गाणं, म्हणजे तोच बँड केवढा बदलतो ते कळेल. फुंडी कोंडेंचंही एखादं गाणं मध्ये घाला, म्हणजे आधीची पिढी कानावर येईल.

आणि एक करून बघा. पहिल्यांदा ऐकताना फक्त गायकाकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा गायकाला सोडून द्या आणि मधलं गिटार शोधा, लीडच्या खाली आणि रिदमच्या वर, सारखं तेच तेच वाजवणारं. सुरुवातीला सापडत नाही. कडवी संपून गाणं वेग घेतं ना, तिथे एकदम पुढे येतं, आणि एकदा कानाला सापडलं की मग सुटत नाही.